नीट दिसावे म्हणून

या गौरवग्रंथात डॉ. शैलजाबाईंचे सहकारी आणि विद्यार्थी लिहीत असताना एका रुग्णाच्या मुलीने लेखणी उचलावी, या धिटाईबद्दल प्रथम क्षमा मागते. बाईंसमोर माझ्या तोंडून कधी पुरते वाक्य निघाले नाही. म्हणून लिहिते आहे.

आमचे घर सीमाभागातल्या वडगावचे, विणकरांचे. आईच्या वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन बुबुळांवर उतरली होती. मागावर तुटलेला धागा सांधायला दोन हात लागतात. आईचा एक हात पापणी उचलून धरण्यातच अडकलेला असे. आता माग सोडावा लागणार, असे ती बोलू लागली, तेव्हा मी तिला बाईंकडे नेले. पापण्यांची जादा कातडी कापून काढू, असे बाईंनी सुचवले.

"असली आपरेशनं नट्या करत्यात न्हवं?" आई लाजून म्हणाली.

"त्या छान दिसाय करत्यात, आक्का," बाई म्हणाल्या. "तुम्ही नीट दिसाय करा."

मग बाईंनी सारे उलगडून सांगितले. इंजेक्शनने फक्त पापणी बधिर होईल, तुम्ही जाग्या असाल. व्रण पापणीच्या घडीत लपेल. नंतर सूज येईल, काळेनिळे होईल. उशी उंच घ्या, बर्फाने शेका, चोळू नका. सुरुवातीला डोळा पुरता मिटणार नाही, त्याला भिऊ नका. "आणि कातडी कमी हुईल, वय न्हाई!"

शस्त्रक्रियेनंतर सिस्टर कन्नडमध्ये म्हणाल्या, "सोमवारा होलिगे ऐति, मरीब्याड्रि." म्हणजे सोमवारी टाके काढायचे आहेत, विसरू नका. होलिगे म्हणजे टाके, होळिगे म्हणजे पुरणपोळी. सोमवारी सुजल्या डोळ्यांनी आई पोळ्यांचा डबा घेऊन हजर! बाईंनी आधी टाके काढले, मग उभ्या उभ्या पोळी खाल्ली. "सिस्टर, आता समद्यांना असंच सांगत जावा."

पंचाहत्तरीत बाईंनी दवाखाना बंद केला आणि त्या निपाणीला भावाकडे राहायला गेल्या. निपाणी काही परदेश नव्हे. तरी त्या बंद दाराशी आमची पावले अजून रेंगाळतात. आईने बाईंसाठी साडी विणायला घेतली आहे. "पदर बाईंनी बघितल्याबिगर साडी मागावरनं उतरायची न्हाई," म्हणते.

बाईंना उदंड वर्षे लाभोत, आणि ती सारी निरोगी असोत. पण एक मागणे आमचेही आहे. आई हल्ली दोन्ही हात धाग्यांत ठेवून, नुसते डोळे वर करून रस्त्याकडे बघते. त्या रस्त्याने बाईंनी एकदा यावे.

पाठवले : रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.