शहाण्याचं वावर

आमच्या शेताला गावात ‘शहाण्याचं वावर’ म्हणतात. सातबाऱ्यावर त्याला नुसता गट नंबर आहे. पण कुठल्याही गुराख्याला विचारा, नाव ऐकताच तो हसून वाट दाखवतो. हे हसू आदराचं आहे, असं मी उभी हयात समजत आलो. (मी परभणीत हायस्कूलला इतिहास शिकवायचो. पुरावा न तपासता निष्कर्ष काढायचा चांगला सराव होता!)

शहाणा म्हणजे आमचे पणजोबा. झरी गावाच्या पुढे, जिथं तेव्हा धड पायवाटही जात नव्हती, तिथला दगडगोट्यांचा माळ त्यांनी फोडला, विहीर खोदली, बिऱ्हाड थाटलं. पुढच्या पिढ्या त्याच रानातलं पिकवून तिथंच जेवल्या. मी मात्र शहरातला. शेत चुलतभाऊ मारुती बटईनं, म्हणजे वाट्यानं, करतो आणि माझा त्याच्याशी संबंध ज्वारीच्या पोत्यांपुरता. तरी पणजोबांवर बोलायला मला आग्रह लागत नाही. लग्नात बोललो, बारशात बोललो, एकदा तर दुसऱ्याच्या तेराव्यालासुद्धा बोललो.

तर माझ्या मुलीचं, स्नेहलचं, जमत आलं होतं. मुलगा सेलूचा. त्याला ती पसंत होती आणि तिला तो इतका पसंत की घरातली भांडी आपणहून घासली जात होती! अडलं होतं मुलाच्या वडिलांपाशी. दादाराव कापसाचे व्यापारी. धागा चिमटीत ओढून पाहिल्याशिवाय भाव न सांगणारे. ते म्हणाले, पत्रिका राहू द्या, आधी तुमचं मूळ रान दाखवा, घराणं कसं आहे ते रानात कळतं. स्नेहलनं मला बाजूला घेऊन विनवलं, “पप्पा, फक्त शेत दाखवा. इतिहास नको.”

मी मान डोलावली आणि भाषण पाठ करायला बसलो.

निघालो मी, बायको, स्नेहल, दादाराव आणि माझी आत्या. आत्या त्याच रानात जन्मलेली, तेव्हा तिला नेणं भाग होतं. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून निघतानाच हात जोडून सांगितलं, आत्या, आज कुणी विचारल्याशिवाय तू एक शब्द बोलायचा नाहीस. तिनं पदर तोंडाला लावला.

रस्ता संपला तिथं गाडी सोडली. मारुती पुढे जाऊन शेतात जेवणाची तयारी करत होता आणि फोनला रेंज नव्हती. दादाराव म्हणाले, कुणाला तरी विचारून घेऊ. हे मला लागलं. स्वतःच्या शेताची वाट दुसऱ्याला विचारायची? मी ताठ मानेनं डावीकडे वळलो. आत्यानं उजवीकडे बोट केलं. मी डोळे वटारले, तसं बोट पदराआड गेलं.

थोडं चालल्यावर कापसानं पांढरंशुभ्र झालेलं एक रान लागलं. हेच आमचं, मी ठरवून टाकलं. मी चपला काढल्या, बांधावर नारळ फोडला, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि दादारावांच्याही लावली. मग मी सुटलोच! या ढेकळांत आमच्या पणजोबांचा घाम मुरलाय, म्हणालो. मीठ आणि काडेपेटी सोडली तर आमच्या माणसांनी कधी बाजाराचं तोंड पाहिलं नाही, म्हणालो. बायकोनं डोळे पुसले. (ऊन फार होतं.) दादाराव गंभीर झालेले पाहून मला आणखी चेव आला आणि मी समोरच्या विहिरीकडे हात केला, “आणि ही विहीर त्यांनी एकट्यानं खोदली!”

विहिरीमागून एक गृहस्थ उठून आले. मोजणीवाले का तुमी, त्यांनी विचारलं. मी मोठ्या मनानं हसून ओळख सांगितली. त्यांनी फुटलेल्या नारळाकडे पाहिलं, मग आमच्या कपाळांकडे.

“हिर माझ्या बापानं खोदली,” ते शांतपणे म्हणाले. “शहाण्याचं वावर नाल्याच्या पल्याड. तुमी उलटं आलाव.”

बायकोनं आत्याला विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

“व्हय की. पर बोलू नको म्हनला न्हवं का ह्यो?”

दादारावांनी आता माझा नाद सोडून थेट आत्यालाच गाठलं. “आत्याबाई, शहाण्याचं का म्हनत्यात त्याला?”

विचारलं होतं. आता तिला देवही अडवू शकत नव्हता.

“माझा आजा लय शहाना,” आत्या म्हणाली. “नदीकाठचं काळंभोर रान व्हतं त्याच्या वाट्याला. कुन्या मुन्शीनं सांगितलं, रेल माळावरून जानार हाय. आज्यानं चांगलं रान भावाला देलं अन् माळ घेतला. टेसनासमोर हाटेल टाकनार व्हता.”

“मंग?”

“रेल गेली पिंगळीवरून.”

“मंग गावात परत का न्हाई आले?”

“कसा येईल? समदं गाव हसायलं व्हतं. म्हनून तितंच पिकवलं अन् तितंच खाल्लं. बाजारात तोंड दाखवायची लाज. मीठबी आजी जाऊन आनायची.”

स्नेहलचा चेहरा उतरला. मला भाषणाचं नाही, पण त्या चेहऱ्याचं फार वाईट वाटलं. आत्याच्या मागोमाग आम्ही मुकाट्यानं नाला ओलांडला. आमचं खरं रान काही देखणं नव्हतं. बांधाबांधाला वेचलेल्या दगडांचे ढीग होते, माणसाच्या उंचीचे. मारुतीनं भाकरी, ठेचा वाढला. दादाराव जेवता जेवता त्या ढिगांकडेच बघत होते. हात धुऊन झाल्यावर ते म्हणाले, “सर, पोरगी आमाला पसंत हाय. इतक्या चुकीच्या जागी येऊनबी तुमच्या मान्सांनी पीक काढलं. असं मानूस घरात पायजे.”

स्नेहल रडत हसली. मी उठून पणजोबांविषयी दोन शब्द बोलणार, तोच दादारावांनी हात वर केला.

“अट एकच. लग्नाचं ठिकान तुमी ठरवायचं न्हाई.”

मी अट तत्काळ मान्य केली. लग्न सेलूला झालं. मंगल कार्यालयात शिरण्याआधी दारावरची वधूवरांची नावं मी नीट वाचून घेतली. खिशात भाषण तयार होतं. निदान लग्न तरी आपलंच असलेलं बरं!