सासऱ्यांचा नारळ मी परत आणला

सांगतो, पण आधी हातातला चहा संपवा. मागच्या खेपेला हे ऐकताना एकाला असा ठसका लागला, की त्याच्या पाठीत बुक्के मारण्यातच किस्सा राहून गेला. आणि हसू नका असं मी म्हणणार नाही. एक अख्खं गाव हसून मोकळं झालंय, त्यात तुमची चार डोकी ती काय!

मला एक रोग आहे. नवीन पाणी दिसलं की मला त्यात उतरावंसं वाटतं. कराडजवळच्या आमच्या मळ्यात चुलत्यांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं, तेव्हापासूनची ही खोड. सहलीला गेलो की लोक देऊळ बघतात, किल्ला बघतात. मी पोहायची सोय बघतो. तारकर्लीला समुद्र झाला, हंपीला नदी झाली, महाबळेश्वरच्या हॉटेलात तर दात वाजेपर्यंत टँक झाला. माझी बायको वंदना म्हणते, "ह्यांच्या बॅगेत वरती पोहायची चड्डी, तळाशी संसार."

तर ह्या वंदनाचं माहेर रत्नागिरीकडचं. खाडीच्या काठावरचं गाव, मासेमारीचं घर. माझे सासरे, म्हणजे तात्या, यांची स्वतःची होडी आहे. माणूस कमी बोलणारा. फोनवर "बरे आहात ना? बरं." एवढ्यात आमचं वर्षाचं बोलणं आटपतं.

त्या तात्यांचा एके दिवशी आपणहून फोन आला! "पाव्हणे, यंदा नारळाचा मान आपल्या घरात आलाय. नारळी पुनवेला या. चारच्या आत या."

आता गंमत बघा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नारळी पौर्णिमेला मी सासरी कधी गेलेलोच नव्हतो. त्याच दिवशी राखी, आणि राखीला मी बहिणीकडे कोल्हापुरात. त्या वर्षी बहिणीने आदल्या दिवशीच राखी बांधली आणि आम्ही निघालो. मी, वंदना आणि आमची नऊ वर्षांची ओवी.

आंबा घाटात वंदनाने मला सगळं समजावून सांगितलं, असं ती म्हणते. आता ते मला तोंडपाठ आहे, म्हणून तुम्हाला सांगतो. गाव वाजतगाजत धक्क्यावर जातं. सोनेरी कागदात मढवलेला एक नारळ मानाच्या घरचा माणूस दर्याला देतो. मग होड्या पाण्यात पडतात. हा मान दरवर्षी एका घराला. तात्यांच्या घरात तो त्यांच्या वडिलांनंतर आत्ता येत होता. वर्ष बरं गेलं तर ठीक. नाही गेलं तर लोक म्हणणार, तात्यांच्या हाताने नारळ दिला त्या वर्षी मासळीच नव्हती. आणि ते मरेपर्यंत म्हणणार!

एवढं सगळं तिने सांगितलं. असेल बुवा. मी त्या वेळी रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होतो. एका पाटीवर निळाशार टँक होता आणि खाली लिहिलं होतं, हातखंब्याला नवीन हॉटेल.

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

"तात्यांनी चारच्या आत बोलावलंय."

"अगं, नुसतं पाणी बघून येतो."

पाणी बघून कुणी परत आलंय का कधी? तिथे नियम असा, की टोपी घातल्याशिवाय टँकमध्ये उतरायचं नाही. काउंटरवर एकाच रंगाच्या टोप्या होत्या, झगझगीत नारिंगी. घेतली. ओवीही उतरली. दहा मिनिटांचा तास कधी झाला कळलंच नाही. वंदना बाहेर खुर्चीवर बसून एकटीच घड्याळाकडे बघत होती, आणि मी तिला पाण्यातून हात करत होतो.

गावात पोचलो तर मिरवणूक देवळापाशीच खोळंबलेली! ढोल गळ्यात, नारळ पाटावर, आणि तात्या पांढऱ्या सदऱ्यात घामाघूम. गावचे मानकरी भिकाजीअण्णा त्यांना म्हणत होते, "तात्या, चल आता. सुकतीचा पाणी जातोय. पाणी काय कोणासाठी थांबत नाय."

"माझी लेक येऊ दे," तात्या म्हणत होते.

सुकती म्हणजे ओहोटी. पाणी बाहेर जात असताना नारळ सोडला की तो त्याच्याबरोबर खाडीतून सरळ समुद्रात जातो. आणि हा साधा हिशेब माझ्या एका टोपीपायी चुकला होता. अर्थात तेव्हा मला काय माहीत? मी आपला सगळ्यांना हसून नमस्कार करत होतो.

धक्क्यावर तात्यांनी डोळे मिटून हात जोडले, नारळ कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. पाठोपाठ गावाने आपापले नारळ टाकले. आणि हे नारळ पडले रे पडले, की धाडधाड पोरांनी उड्या मारल्या! एकेक पोरगं नारळ काखेत मारून वर येतंय, लोक ओरडतायत, टाळ्या पिटतायत.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? दहीहंडीसारखंच काहीतरी आहे हे, असंच ना? मीही तेच समजलो.

फक्त सोनेरी नारळाला कुणी हात लावेना. तो लांब, खाडीच्या मधोमध तरंगत होता. जरा वेळाने तो बाहेर जायचा थांबला. जागच्या जागी घुटमळला. आणि मग हळूहळू आत, गावाच्या दिशेने यायला लागला.

"पाणी फिरला," कुणीतरी हळूच म्हणालं.

ढोल थांबले. तात्यांचा चेहरा तर पार उतरला. आणि मला वाईट वाटलं हो, अगदी मनापासून वाटलं! म्हटलं, बघा, सगळ्यांचे नारळ पोरांनी काढले, आणि आमच्या तात्यांचा एवढा मानाचा नारळ, तो काढणारा गावात एक मर्द निघू नये? लांब आहे, पोरांना जमत नसणार. पण घरात जावई कशाला केलाय मग?

"बाबा, तुम्ही काढाल?" ओवीने विचारलं.

झालं! पोहायची चड्डी पॅन्टखाली अजून तशीच होती, ओली. टोपी खिशात होती. शर्ट-पॅन्ट काढून टाकली, ती नारिंगी टोपी डोक्यावर ओढली आणि मी सूर मारला.

मागून आरडाओरडा झाला. "अहो पाव्हणे! नको! मागे फिरा!" वंदनाचा आवाज त्यात सगळ्यात वरचा. मला भरून आलं. म्हटलं, किती जीव लावतात ही माणसं! मी एक हात वर करून दाखवला, काळजी करू नका, आणि जोर वाढवला. एक सांगतो, पोहलो मात्र झकास. त्यात आजही कुणी नाव ठेवत नाही.

नारळ काखेत मारून धक्क्याच्या पायऱ्या चढलो. टाळी एक नाही! दमले असतील ओरडून. मी सरळ तात्यांपुढे गेलो, दोन्ही हातांनी नारळ त्यांना दिला आणि वाकून पाया पडलो.

"तात्या, तुमचा नारळ!"

तात्या मटकन पायरीवर बसले.

भिकाजीअण्णा पुढे झाले. एरवी मोठ्या आवाजाचा माणूस, पण तेव्हा आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलले. "पाव्हणे, तो नारळ आमी दर्याला दिला होता."

"हो ना. पण तो वाहत चालला होता!"

"वाहत जायालाच दिला होता तो!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. घाटातली वंदना आठवली. तिची बडबड आठवली. बाकीचे नारळ पोरांचे, मानाचा तेवढा दर्याचा. पायाखालची पायरी सरकून मी परत पाण्यात गेलो असतो तर बरं झालं असतं. पण तशी वेळ आली की पायऱ्या घट्ट राहतात.

मग सुरू झाला वाद. एक म्हणाला, "दर्याने नारळ परत केला, वर्ष वायट." दुसरा म्हणाला, "दर्याने कुठे, जावयाने केला." तिसरा मुंबईला कुरिअरमध्ये कामाला, तो म्हणाला, "पार्सल पोचलंच नाय, म्हणजे परत आलं असं धरता येणार नाय." ह्या सगळ्यात तात्या नारळ मांडीवर घेऊन नुसते बसलेले. इतक्या वर्षांनी मिळालेला मान, आणि तो घरच्याच जावयाने पाण्यातून ओढून काढला! त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

शेवटी भिकाजीअण्णांनी हात वर केला. "गाऱ्हाणा घालूया. दर्याला सांगूया काय झाला तो. आणि नारळ होडीतनं पार मुखाबाहेर नेऊन परत देऊया. तात्याच देल."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली हकिकत. एकजण सांगतो, बाकी गाव हुंकार भरतं. मला मधोमध उभं केलं, ओल्या चड्डीत. टोपी काढायचंही सुचलं नाही.

"बा देवा म्हाराजा!" भिकाजीअण्णांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" अख्खं गाव.

"तुजा नारळ तुला दिलेला, तो ह्या पाव्हण्याने परत आणलान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माणूस वायट नाय, पण घाटावरचा हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याला दर्यातला काय म्हणता काय कळत नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज पहिल्या तिन्हींपेक्षा मोठा होता. त्यात माझी बायको होती. सासूबाई होत्या. ओवीसुद्धा होती.

"त्याची चूक पदरात घे, तात्याचा मान राख, आणि आमच्या होड्यांची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग तात्या होडीत बसले आणि नारळ घेऊन खाडीच्या मुखाबाहेर गेले. तेवढा वेळ सासूबाईंनी धक्क्यावर माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. न जाणो, हा परत जायचा!

जेवायला नारळीभात होता. मी खाली मान घालून गिळत होतो. माझ्या पानात वाढताना सासूबाईंनी विचारलं, "नारळ चालेल ना तुम्हाला?" आणि अचानक तात्या हसायला लागले. आधी खांदे हलले, मग मिशा हलल्या, मग डोळ्यांतून पाणी.

"आमच्या बापाला एका दिवशी एकदाच मान मिळाला," ते म्हणाले. "मला दोनदा. गावात हाय कोण दुसरा?"

मी त्या माणसाच्या परत पाया पडलो. ह्या खेपेला रिकाम्या हातांनी.

त्या वर्षी मासळी बरी लागली. तात्या सुटले, आणि मीही सुटलो असं मला वाटलं. पुढच्या नारळी पौर्णिमेला त्यांनी हट्टाने बोलावलं. मान दुसऱ्या घरात होता. वंदनाने माझी बॅग तपासून, चड्डी आणि टोपी काढून घेऊन मगच गाडी काढू दिली. रस्त्यावरच्या पाट्या मला दिसू नयेत म्हणून त्या बाजूला तिने ओवीला बसवलं. आम्ही दुपारीच गावात हजर. नारळ वेळेवर सुटला, सुकतीच्या पाण्यावर झोकात निघून गेला. मी धक्क्यावर सगळ्यात मागे, हात जोडून, डोळे मिटून उभा. एकदम शहाणा जावई.

भिकाजीअण्णांचं गाऱ्हाणं चाललं होतं. होड्यांची राखण कर म्हाराजा. पोराबाळांना सुखी ठेव म्हाराजा. मीही गावाच्या सुरात सूर मिसळत होतो. मनात म्हटलं, आता आपणही ह्यांच्यातलेच झालो.

"आणि ज्याला अक्कल कमी, त्याला पाण्यापासनं लांब ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी छाती फोडून ओरडलो.

आवाज माझा एकट्याचाच आला. बाकी गाव तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत होतं. ओवीने माझा शर्ट ओढला.

"बाबा, ते तुमच्यासाठीच मागतायत."