खरं लिहिणारा ड्रायव्हर

माझा थोरला भाऊ एका मोठ्या आरोग्यसंस्थेत ड्रायव्हर. संस्थेची कार्यालयं अनेक देशांत. बावीस वर्षं त्याने लसींच्या पेट्या गावोगावी पोचवल्या. प्रत्येक फेरी वहीत लिहायची असे. कधी निघालो, किती किलोमीटर, कामाचं कारण काय, आणि खाली साहेबांची, म्हणजे कार्यालयप्रमुखांची, सही. बाकीचे ड्रायव्हर कारणाच्या रकान्यात ‘कार्यालयीन काम’ लिहून मोकळे होत. दादा असेल ते लिही. ‘साहेबांच्या मुलीला नाचाच्या क्लासला सोडले.’ ‘साहेबांचा सोफा आणला, लसीची फेरी उद्यावर.’ सगळे त्याला मीटर म्हणत. साहेब शिंकले तेही लिहितोस का, असं कुणी विचारलं की हा शांतपणे म्हणे, गाडीत शिंकले तर लिहीन. साहेब मात्र पान न बघता सही ठोकत.

मग दुसऱ्याच देशातल्या शाखेत घोटाळा उघडकीला आला आणि मुख्यालयाला सदाचार आठवला. स्वतंत्र देखरेख समिती नेमली गेली. सगळ्यांना सभागृहात बसवून चाळीस पानांची आचारसंहिता हातात दिली आणि शेवटच्या पानावर सह्या घेतल्या. पाच वाजत आले होते, जो तो घराकडे डोळे लावून. दादानेही सही केली.

वर्षभराने समितीच्या चौकशी अधिकारी आल्या. बाई सज्जन होत्या. त्यांनी चार वर्षांच्या वह्या पानन् पान वाचल्या, दादाला समोर खुर्ची दिली आणि म्हणाल्या की सगळ्यांनी असं लिहिलं असतं तर मला यावंच लागलं नसतं. दादाने हे घरी दोनदा सांगितलं. मी देवापुढे हात जोडून म्हटलं, खऱ्याच्या पाठीशी तू आहेस.

दोन महिन्यांनी निकाल लागला. साहेबांनी कर्मचाऱ्यांवर विश्वास ठेवून सह्या केल्या होत्या, म्हणून त्यांना समज मिळाली आणि तीन महिन्यांनंतर याहून मोठ्या कार्यालयात बदली व्हायचं ठरलं. दादाबद्दल आचारसंहितेतलं कलम होतं: गैरप्रकार दिसला की तीस दिवसांत समितीला कळवायचं, न कळवणाराही दोषी. याला तर सगळं माहीत होतं, पुरावा त्याच्याच अक्षरात. कराराला मुदतवाढ नाही. पेन्शनला सोळा महिने उरले होते.

साहेबांनी न वाचता सह्या केल्या तो विश्वास, दादाने न वाचता केली ती हयगय. वर समितीला फक्त शिफारस करता येते, हुकमावर सही कार्यालयप्रमुखाची. चोर सोडून संन्याशाला फाशी हे ऐकून होते. इथे फाशीच्या कागदावर चोराचीच सही होती.

दादाने बाईंना फोन लावला. त्यांनी टाळलं नाही. चौकशी माझी, निर्णय माझ्या हातात नाही, म्हणाल्या, आणि पंधरा दिवसांत अपील करा असं सुचवलं. अपिलात काय लिहायचं ते हेडक्लार्कने सांगितलं.

“मला कळत नव्हतं, असं लिही. शहाण्याला नियम सोडत नाही रे, अडाण्याला सोडतो.”

दादा चार दिवस ऐकेना. पाचव्या दिवशी वहिनी माझ्याकडे आली. रडली नाही, पदराशी चाळा करत बसली.

“वन्सं, त्यांच्या खरेपणाशी माझं भांडण नाही. पण पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. माझ्याकडून ते लिहून होणार नाही. तुम्ही लिहा.”

मी लिहिलं. ‘मी अल्पशिक्षित असून खाजगी काम व कार्यालयीन काम यांतील फरक मला समजत नव्हता.’ ज्याने मला पाटीवर बाराखडी गिरवायला शिकवली, त्याच्याबद्दल लिहिलं.

दादाने कागद दोनदा वाचला.

“चांगलं लिहिलंयस,” तो म्हणाला. “मलाच खरं वाटायला लागलंय.”

आणि सही केली.

अपील मंजूर झालं. समितीच्या वार्षिक अहवालात हे प्रकरण समाधानकारकरीत्या मिटलेल्यांत गेलं, असं हेडक्लार्क म्हणाला. दादा कामावर आहे. त्या अर्जाची माफी मी देवाकडे अजून मागितलेली नाही. आधी दादाकडे मागायला हवी. तो येतो, चहा घेतो, हवापाण्याचं बोलतो. मी विषयाकडे वळले की कप खाली ठेवून उठतो.