बाकाखालचा आवाज

“ऐका, ऐका! आत्ता मनातलं बोलला!”

डावीकडच्या बाकांतून कुणीतरी ओरडलं, आणि सभागृहातली दीडशे पोरं अशी हसली की नदीपलीकडे येरवड्यापर्यंत ऐकू गेलं असेल. व्यासपीठावर नासिर उभा होता. वाक्य अर्धं, हात अर्धा वर. ओरडणारा कोण ते कधीच कळलं नाही. म्हणजे — कॉलेजला कळलं नाही. मला ठाऊक होतं. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीही सांगून झाल्यात.

माझ्या थापा तुम्ही ऐकल्या असतीलच. दिल्लीत एका राजदूताला मी पुरणपोळी खायला शिकवली, ती तर नक्कीच. खोटी आहे. राजदूत नव्हता, त्याचा ड्रायव्हर होता. पुरणपोळी नव्हती, शंकरपाळे होते. पण दिल्ली खरी. मी तिथे पोचलो कसा — तिथेच सगळं अडतं.

मी आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन बी.ए. करत होतो. घरात कुणाला तो कळेना. काकांनी विचारलं, “म्हणजे पुढे परदेशातली स्थळं जमवणार का आपण?” पण आमचे सर मोठे हौशी. दरवर्षी ते वर्गाची देशोदेशींची महासभा भरवत. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची, निघेल तो देश आपला. दोन महिने त्याचा अभ्यास करायचा आणि बोलताना ‘तो देश’ म्हणायचं नाही, ‘आम्ही’ म्हणायचं. चुकलात की गुण कापले. “दुसऱ्याच्या तोंडानं बोलता येत नसेल तर कॉमर्सला जा,” सर म्हणत. जिंकेल तो एकटा दिल्लीच्या आंतरमहाविद्यालयीन सभेला जाणार. एकटा — हे लक्षात ठेवा.

नासिर पाकिस्तान होता, मी भारत. त्याच्या वडिलांचं बुधवार पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान. चार पिढ्या तिथेच. त्यानं दोन देशांमधल्या नदीपाण्याच्या कराराची कलमं इतकी घोटली की दुकानात खळ लावतानाही पुटपुटायचा. आणि मी? मी आरशासमोर हातवारे घोटले.

सभेच्या दिवशी विषय पाण्याचाच निघाला. “आमच्या शेतांना” म्हणत नासिरनं एकेक कलम काढलं आणि माझी सालं सोलली. शांतपणे, केळ्याची सोलावी तशी. दिल्ली माझ्या डोळ्यांदेखत निघाली होती. मग मी काय केलं? बुटाची नाडी बांधायला वाकलो — आणि बाकाखालून ओरडलो.

हो, मीच.

हलकट म्हणताय? म्हणा. वय लहान होतं, असं सांगू? नाही सांगत. सगळेच तसं करायचे, असं? कुणीच करत नसे. त्या दिवशी सभागृहातला प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडानं बोलत होता. कोल्हापूरचा एक पैलवान दोन तास फ्रान्स होता, कुणी त्याला काही म्हणालं नाही. फक्त नासिरचं ‘आम्ही’ मी त्याचं स्वतःचं ठरवलं. का? कारण ते खपणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खपलं.

तो थांबला. कागद चाळून पुन्हा सुरू करायला गेला. वेळ संपली, घंटा झाली. पुढची पाळी माझी.

मी मान खाली घातली असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, “सर्वप्रथम, मघाच्या त्या नीच उद्गाराचा मी भारताच्या वतीनं निषेध करतो.” टाळ्यांनी छप्पर उडालं. सरांनी चष्मा काढून पुसला. पहिलं बक्षीस मला.

पण थांबा. खरं अजून सांगितलंच नाही. इतका वेळ नुसता घिरट्या घालतोय.

पाकिस्तानची चिठ्ठी मला आली होती. भारत निघाला होता नासिरला.

पाण्याच्या टाकीपाशी मी त्याला गाठलं. म्हटलं, “तू अभ्यासू, तुला काय, कुठलाही देश चालेल. पोरं माझी टर उडवतील रे.” तो हसला आणि भारत माझ्या हातावर ठेवून मोकळा झाला. अदलाबदल केली तर दोघंही बाद, म्हणून कुणाला सांगायचं नाही, असा शब्द मी त्याच्याकडून घेतला. सभेत त्यानं एवढंच म्हणायचं होतं — मला खरं तर भारत आला होता. सगळ्यांचं हसू घशात अडकलं असतं. तो बोलला नाही.

मी दिल्लीला गेलो. मजा केली, खोटं कशाला बोलू? बक्षिसाचा पेला अजून दिवाणखान्यात आहे, आणि तो मी हलवणार नाही. नासिरकडे माफी मागायला कधी गेलो नाही, जाणारही नाही. त्याच्याकडून एकदा चिठ्ठी घेतली, तेवढं पुरे. तुमच्याकडूनही काही नको.

सभा संपल्यावर पायऱ्यांवर मी त्याच्या खांद्यावर हात टाकला. चार जणांना ऐकू जाईल असं म्हणालो, “त्या हलकटाला मी शोधून काढतो, बघच तू.”

नासिर कागद पिशवीत भरत होता.

“चिठ्ठीचं मी कुणाला सांगणार नाही,” तो म्हणाला.