जमत नसेल तर बोलू नकोस

बालवाडीत घालायच्या आधी माझी मुलगी दिवसभर बोलत असायची. आमचं घर करावे गावात, खाडीच्या अगदी जवळ. ओहोटी लागली की मी तिला घेऊन बांधावर जायची. चिखलात चिंबोऱ्यांच्या पायांच्या बारीक रेघा उमटलेल्या असत. त्या बघून ती सांगायची, कोण कुठून निघालं आणि कुणाकडे जेवायला गेलं. आम्ही शिंपले गोळा करायचो, लहान-मोठे लावायचो, मोजायचो. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मी मासळी साफ करायला बसले की ती समोर येऊन गोष्ट मागायची. गोष्टी मी मनानेच रचायची. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारत चालणारा मासा. माझ्या गोष्टीत तो नेरूळच्या नव्या बिल्डिंगी बघायला जायचा आणि जिन्यात अडकायचा. ती हसून लोळायची. हे सगळं आमच्या बोलीत चालायचं. दुसरी बोली आमच्या घरात होतीच कुठे?

मी सातवीपर्यंत शिकलेली. नव्या शहरासाठी शेतं सरकारने घेतली होती, नवरा कंपनीत मशीनवर होता. पोरीने पुढे जावं असं दोघांनाही वाटायचं. म्हणून तिला नव्या सेक्टरमधल्या बालवाडीत घातलं. तिथे रंगीत ठोकळे होते, भिंतीवर चित्रं होती, कपाटात पुस्तकं होती. ती पुस्तकं पाहून मला खरंच आनंद झाला होता, याचं आता नवल वाटतं.

महिनाभरात बाईंनी मला दारातच थांबवलं. बाई शहरातून आलेल्या. सेक्टरमधल्या आयांशी त्या "अहो" करून बोलायच्या. माझ्याशी बोलताना मात्र "अगं".

"अगं, ही चित्र बघून काय म्हणते माहितीये? खेकड्याला चिंबोरी. पाण्याला पानी. सगळी मुलं हसतात."

"आमच्यात तसंच बोलतात, बाई."

"तेच तर. घरी हिच्याशी शुद्ध बोलत जा. नाहीतर पहिलीत ही मागे पडेल, मग मला सांगू नकोस. आणि जमत नसेल तर बोलू नकोस."

मुलगी माझा पदर धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं.

त्या वेळी मला राग यायला हवा होता. नाही आला. लाज वाटली. लाज घेऊन घरी आले आणि ती सगळ्यांना वाटून टाकली. सासूला सांगितलं, पोरीशी आपलं बोलायचं नाही. त्या जाळं दुरुस्त करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग आमी मुक्यानं रवाचा काय?" मी त्यांच्यावर खेकसले. म्हणाले, तिचं नुकसान होतंय. आयुष्यभर त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती, ती एका बाईच्या सांगण्यावरून केली.

मी शुद्ध बोलू लागले. म्हणजे शाळेतल्या धड्यांसारखं काहीतरी. त्या भाषेत मला जेव, झोप, हात धू एवढंच बोलता यायचं. गोष्ट जमायची नाही. एकदा सुरू केली, तर निवटी जिन्यापर्यंत पोचायच्या आतच माझे शब्द संपले. पोरगी वाट बघत बसली आणि मग उठून गेली. पुढे तिने गोष्ट मागणं सोडलं. बांधावर जाणंही मी बंद केलं, कारण तिथे गावातली पोरं भेटायची आणि ती आमच्या बोलीत बोलायची.

एके दिवशी तिने माझ्याकडे "पानी" मागितलं आणि मी तिच्या गालावर चापट मारली. "पाणी म्हण," म्हणाले. "पाणी. म्हण!" तिने म्हटलं नाही. तहानलेलीच जाऊन कोपऱ्यात बसली.

त्यानंतर ती बोटाने दाखवू लागली. हंड्याकडे बोट. भाताकडे बोट. बालवाडीतून चड्डी ओली करून यायची, कारण शू लागली हे तिथे कुठल्या शब्दात सांगायचं याची तिला धास्ती. बाईंनी निरोप पाठवला की मुलीला साध्या सवयीही लावलेल्या नाहीत.

नवऱ्याची कंपनीतली पाळी बदलली आणि तो दुपारी घरी असायला लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पोरगी हंड्यापाशी उभी राहून बोट दाखवत होती. त्याने पाणी दिलं, ती प्यायली. मग तो माझ्याकडे वळला.

"पोरीची जीभ कुनी कापली?"

मी बाईंचं नाव घेणार होते, पण मारणारा हात माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीत गेले. बाई मुलांना पुस्तक दाखवत होत्या. मी थेट आत शिरले.

"पोरीला न्यायला आले," म्हणाले. "उद्यापासून ती येणार नाही."

"वर्ष अर्धं राहिलंय. तिचंच नुकसान."

"नुकसान झालं ते झालं. चार वर्षांची पोर तहान लागली तरी तोंड उघडत नाही, बाई. हे तुम्ही शिकवलंत आणि मी शिकवू दिलं."

"मी तिच्या भल्यासाठीच सांगितलं होतं. तुमच्या लोकांना ते कळत नाही."

तुमच्या लोकांना! ज्यांच्या शेतावर ती इमारत उभी होती, त्यांना. माझा आवाज इतका चढला की पोरं रडायला लागली. मग मी माझ्याच बोलीत बोलले, जे तोंडाला येईल ते. त्यातलं बाईंना किती कळलं, ठाऊक नाही. माझी पोरगी मात्र डोळे मोठे करून ऐकत होती.

घरी पुस्तक नव्हतं. नवऱ्याने कंपनीतून खोक्यांचा पुठ्ठा आणि खाकी कागद आणला. सासूने जाळ्याच्या दोऱ्याने पानं शिवली. मी चित्रं काढली, वाकडीतिकडी. चित्राखाली दोन शब्द लिहिले, एक आमचा, एक शाळेचा. दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरात. दुपारी ते पुस्तक बघायला आमच्या ओटीवर शेजारच्या तीन-चार मुलीही यायला लागल्या. शेजारणी म्हणायच्या, ही पोरीला अडाणी ठेवणार. त्यांच्यातल्या दोघींनी आपल्या पोरांना त्याच बालवाडीत घातलं. मी भांडले, बोलणं टाकलं, काही उपयोग झाला नाही.

पोरगी लगेच बोलली नाही. दिवाळी उलटून गेली. एका दुपारी मी गोष्ट सांगत होते आणि मधलाच भाग विसरले. माझ्या मांडीला टेकून बसलेली ती अचानक म्हणाली, "तसा नाय, आय." आणि पुढची गोष्ट तिनेच सांगितली. सासू आत उठून गेल्या. त्या रडत असाव्यात. मला रडू आलं नाही. मी तिची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.

पुढे ती गावच्या शाळेत गेली. महिन्या-दोन महिन्यांत वर्गात शाळेसारखं बोलायला लागली आणि उंबरठा ओलांडला की आमच्यासारखं. हे तिला कुणी मारून शिकवलं नाही. ते तिचं तिला आलं, जसं सगळ्या मुलांना येतं.

लोक म्हणतात, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, मुलगी तर चांगली शिकली. शिकली. पण पावसाळ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत ती गप्प होती. त्या वयात मूल रोज काहीतरी नवं बोलतं. तेवढ्या दिवसांत ती मला काय काय सांगणार होती, ते मला कधीच कळलं नाही. आता तिलाही आठवत नाही.