त्या कॉर्नरची बारी

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, पोराले नाही. सूनबाईनं माझी शेकडो वाक्यं आपल्या बोटानं कॉम्प्युटरात टाकली, पण हे तिले सांगून टाकावं असं नाही – म्हणून स्वतःच लिहून राह्यलो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहो, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. गड्या, जसं जमते तसं वाचून घे.

अन् एक आधीच सांगतो, मी काही कुढत बसलेला म्हातारा नाही. खाणीतून सुटलो, बालाघाटात दोन खोल्या बांधल्या, अंगणात फणस लावला तो आता धरते. जेवलेलं पचते, रात्री झोप लागते. मनाले खात असतं तर झोप लागली असती का? लागते – हेच तर सांगायचं आहे.

दोन हजार साल उलटल्यावरची गोष्ट. पोरानं बसस्टँडजवळ सायबर कॅफे टाकला. तो बाहेरची कामं करे, दुकान सून सांभाळे – सरिता, गोंदियाची, हुशार. मी दुपारी कूलरपुढं जाऊन बसत होतो. एक दिवस ती म्हणाली, "मामाजी, इकडं या. हे लोक दिवसभर हॉकीवरून भांडून राह्यले."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहतो तर खरंच. कोणी भोपाळचा, कोणी पंजाबातला, एक तर कॅनडात बसलेला – सारे हिंदी बोलत, पण इंग्रजी अक्षरात. कोणाले कोणाचं तोंड ठाऊक नाही. सरितानं वाचून दाखवायचं, मी बोलायचं, तिनं टाकायचं. माझं नाव ठेवलं – बालाघाट का पुराना खिलाड़ी. महिन्याभरात माझ्यावाचून त्याईचं भांडण रंगेना. मले तर जेवणाची शुद्ध राहत नव्हती. खोटं काहून सांगू, म्हातारपणचे तेच माझे सगळ्यात मजेचे दिवस.

फुटबॉलवाले बी तिथंच होते. परदेशातल्या कोण्या क्लबचा गडी, कोणी हात न लावता धाडकन पडला अन् पेनल्टी घेऊन गेला – यावर आठ दिवस रण. मले फुटबॉलातलं काही समजत नाही, पण मी सांगितलं, टाक, "जो झूठ-मूठ गिरे वो खिलाड़ी नहीं, चोर है." सगळ्याईनं वा वा केली. गड्या, हे वाक्य ध्यानात ठेव. माझंच आहे.

मग एकदा वाद निघाला पेनल्टी कॉर्नरचा. समोरचा एक जण मागच्या रेषेवरून चेंडू आत मारते, दुसरा डीच्या – गोलापुढच्या अर्ध्या गोल रेघेच्या – टोकावर तो अडवते, तिसरा जीव खाऊन गोलात हाणते. आपण गोलात रेषेवर उभे. आता रेषेवरच थांबावं, का एकानं सुटून सरळ मारणाऱ्याच्या अंगावर धावावं? अर्धे म्हणत थांबा, अर्धे म्हणत धावा.

मी म्हटलं, अरे, हे आम्ही उकव्याच्या खाणीवर तीस वर्षांआधी करून बसलो. तिथलं मैदान मुरमाचं. धूळ बसवाले खाणीचा टँकर येई, त्याचं पाणी आम्ही मॅचच्या सकाळी आपल्या डीत मारून घेत होतो. ओल्या मुरमात चेंडू दबून येते, मारणाऱ्यापाशी पोचाले एक श्वास जास्त लागते. तेवढ्या श्वासात माणूस धावू शकते. "अन् धावणारा मी होतो," असं मी सरिताले सांगितलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं, डोळे मोठे केले, अन् टाकलं.

कॅनडावाला मले उस्ताद म्हणाले लागला. सरितानं तर माहेरी फोन करून सांगितलं, आमचे मामाजी असे होते.

धावणारा मी नव्हतो. धावणारा दुलीचंद होता, माझ्यासंगं खाणीत काम करणारा, माझा दोस्त. टँकरचं डोकंही त्याचंच. तुले वाटत असेल, एवढीच गोष्ट? दुसऱ्याचा पराक्रम आपल्या नावावर खपवला – म्हातारे करतातच असं. एवढीच असती तर मी कागद नासवला नसता.

दोन महिन्यांनी तिथं एक नवीन नाव आलं, उकवावाला. कोणाशी राम राम नाही, भांडण नाही. एकच ओळ. सरितानं वाचली – "खिलाड़ी भाई, उस दिन दौड़ने की बारी किसकी थी?"

मी तिले ती ओळ पुन्हा वाचाले लावली. कारण हे जगात दोघांलेच ठाऊक. एक मी. दुसरा दुलीचंद – आपल्या जावयाच्या घरी कॉम्प्युटरपुढं बसलेला, हे मागाहून समजलं.

आता सांगतो. ती लांजीवाल्याईसंगं मॅच होती. दोन कॉर्नर दुलीचंद धावला, दोन्ही वाचवले. तिसऱ्याले त्याले धाप लागली होती. रेषेवर उभं राहून तो मले म्हणाला, "मधुकर, आता तुही बारी." मी म्हटलं, "हौ." अन् चेंडू सुटला तेव्हा – मी गोलाचा पोल धरून उभा राह्यलो. पाय हललाच नाही. का? चेंडूचं भेव. दुसरं काही नाही. दुलीचंदनं अर्धा श्वास माझी वाट पाह्यली, अन् मी हलत नाही पाहून उशिरा सुटला. उशिरा सुटलेल्या माणसाले चेंडू स्टिकवर भेटत नाही. गुडघ्यावर भेटला. तो आवाज मी विसरलो असं म्हणणार नाही.

तो परत खेळला नाही. पाय वाकडाच बसला. अन् सारे विचारत होते, दुल्या एवढा उशिरा कसा सुटला, तर मी म्हटलं – त्याची नजर चुकली असेल. त्यानं हे ऐकलं. त्याच्या जागेवर पुढं मी खेळलो.

तर आता ती ओळ समोर होती. सरिता म्हणाली, "मामाजी, काय टाकू?" तेव्हा तरी सुटाले वेळ होता, नाही का? रेषा तीच, चेंडू तोच. सारे पाहून राह्यले होते – कॅनडा, पंजाब, अन् बाजूले सून. मी म्हटलं, टाक – "बारी मेरी थी, और मैं दौड़ा."

तिनं टाकलं. खाली लोकाईनं टाळ्या टाकल्या. एकानं उकवावाल्याले लिहिलं, चाचा, उस्ताद की परीक्षा लेते हो? आणखी दोघं-तिघं हसले. उकवावाला त्यानंतर तिथं दिसला नाही.

घरी मात्र आला. पोळ्याच्या आधी, बैहरकडून येणाऱ्या बसनं, एक पाय ओढत, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. आम्ही ओसरीत बसलो. धानाचं बोलला, नातवाचं बोलला. सरितानं चहा आणला अन् त्याले म्हणते, "काकाजी, तुम्हीबी मामाजीसंगं खेळत होते ना? ते कॉर्नरले धावत, तुम्ही पाह्यलं असेल."

दुलीचंदनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. म्हणाला, "पाह्यलं ना बाई. मले तं जवळून दिसलं." अन् माझ्याकडं पाहून हसला. "अजून धावूनच राह्यला तुहा सासरा."

सरिता हसली. मीबी हसलो. हो, हसलो.

तो दरसाल येते, शेंगा आणते. सायबर कॅफे आता बंद आहे, पण सून अजून पाहुण्याईले ती गोष्ट सांगते, अन् मी ऐकत बसतो. खरं सांगू, ऐकाले बरंच वाटते.

बारी माझी होती. मी धावलो नाही.