बुधाजी मर्चंडे यांचा फिल्टर

परळच्या आमच्या चाळीत बुधाजी मर्चंडे दोन खोल्या सोडून राहायचे. अठरा वर्षं ते गिरणीच्या रिंग खात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर, काम करत होते. लाउडस्पीकरच्या कर्ण्यांचा नाद लागला तो संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमुळे. मैदानात मागे उभ्या माणसाला भाषणाचा नुसता घुमारा ऐकू यायचा, शब्द कळायचा नाही. बुधाजींना ते फार लागायचं.

सत्तावन्न साली एका थिएटरनं पहिल्या बोलपटांच्या काळातली कर्ण्यांची जोडी मोडीत काढली, ती त्यांनी आणली. खालच्या, जाड आवाजासाठी कपाटाएवढा लाकडी कर्णा आणि वरच्या, बारीक आवाजासाठी हातभर लांबीचा पत्र्याचा. लाकडी काही जिन्यातून वर चढेना. तो समाजमंदिराच्या पडवीत राहिला.

अडचण छोट्या कर्ण्याची होती. त्याच्या आतला पडदा कागदासारखा पातळ. दोन्ही कर्ण्यांना आवाज वाटून देणारा जुना फिल्टर ढिला होता. खर्ज छोट्याकडे झिरपायचा आणि पडदा फाटायचा. दोन पडदे असेच गेले. तिसरा शेवटचा; तसला पडदा मुंबईत कुठंच मिळेना.

गिरगावात अच्युत वेलकरांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी सांगितलं, की एका कॉइलनं भागायचं नाही, कॉइल आणि कंडेन्सर एकापुढे एक लावावे लागतील, म्हणजे जाड आणि बारीक आवाजाच्या हद्दीवर आवाज कड्यासारखा तुटेल. गणितंही त्यांनीच शिकवली. बुधाजींनी रे रोडच्या वखारीतल्या लाकडाच्या तुकड्यांची रिळं केली आणि तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे हातानं दिले. त्यात वर्ष गेलं.

चाचणीच्या दिवशी मी माइकवर वर्तमानपत्र वाचलं. त्यांच्या पत्नी सुंदराबाई मैदानाच्या पार टोकाला उभ्या होत्या. परत येऊन म्हणाल्या, अक्षर न् अक्षर कळलं. बुधाजींना मात्र आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटत होता. बायको मन राखायला बोलते आहे असं त्यांनी धरलं. कॉइल उसवून त्यांनी हद्द खाली आणली, छोट्याकडे जास्त आवाज सोडला. नंतर आणखी खाली. आम्ही म्हणायचो, पहिलंच चांगलं होतं. पण त्यांचा भरवसा स्वतःच्या कानांवर.

एकोणसाठच्या सभेत छोटा कर्णा किंचाळत सुटला. पाच मिनिटांत पडदा फाटला. लोक हसले नाहीत, उलट एकानं त्यांना पाणी आणून दिलं. भाड्याचा भोंगा लावून सभा पार पडली.

चूक कुठे झाली ते शोधायला आम्ही दोघं फिल्टर घेऊन गिरगावात गेलो. अच्युतरावांनी तो मोजला. बुधाजींनी ठरवली होती त्याच जागी तो आवाज तोडत होता, तसूभर फरक नाही. मग अच्युतरावांनी सूर काढायच्या यंत्रावर एक सूर लावला आणि हळूहळू चढवत नेला. सूर बारीक झाला, कानात टोचू लागला.

बुधाजी म्हणाले, "बंद का केलंस?"

अच्युतराव माझ्याकडे बघत राहिले. मग बुधाजींच्या समोर येऊन सावकाश म्हणाले, "बुधाजी, वाजतोय अजून."

इस्पितळात डॉक्टरांनी कान तपासून कारण सांगितलं. खात्यातल्या यंत्रांच्या आवाजानं कान गेले होते. वरचे सूर आधी जातात, बाकीचे मागाहून. इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजी त्याच खात्यात कामावर गेले.

साठ साली राज्य झालं. चाळ मैदानावर लोटली, बुधाजी घरीच बसले. पुढे समाजमंदिरवाल्यांनी पडवी मोकळी करायला सांगितली, तेव्हा बुधाजी म्हणाले, लाकडी कर्णा फोडून टाका. फोडताना ते तिथेच उभे होते. मी अगदी शेजारून काहीतरी बोललो, पण त्यांना ते ऐकू गेलं नाही.